झुकिनीचं पाणी, पास्त्याची तहान

जानेवारीत या सदराच्या टपालात गुळाच्या पाकाचे प्रश्न असतात. ऑक्टोबरात ‘चकल्या का मोडतात’ हा एकच प्रश्न दहा जणी दहा तऱ्हांनी विचारतात. आणि जुलै लागला की झुकिनी. यंदा त्यातली निम्मी पत्रं पास्ता सॅलडची निघाली, म्हणून हा अंक त्यालाच दिला. मी मूळची सांगलीची. गेली ३४ वर्षं न्यू जर्सीत आहे आणि मागच्या अंगणात दरवर्षी झुकिनीची दोन झाडं लावते. चार लावण्याची चूक एकदाच केली होती.

प्रश्न : काकू, मंडळाच्या पिकनिकला झुकिनी घालून पास्ता सॅलड नेलं. सकाळी ९ वाजता चव घेतली तेव्हा झकास होतं. दुपारी झाकण काढलं तर तळाशी बोटभर पाणी, आणि वरचा पास्ता मात्र कोरडा ठक्क. एकाच भांड्यात पाणीही आणि कोरडंही, हे कसं? – एडिसनहून एक वाचक

तुमच्या भांड्यात दोन वेगळ्या स्वभावाची माणसं एकत्र नांदत होती. एकाला पाणी धरवत नाही, दुसऱ्याची तहान भागत नाही.

झुकिनी म्हणजे शंभरातले ९५ भाग पाणीच. मीठ लागलं की ती ते सोडते. काकडीचंही हेच होतं, पण तिथे आपल्यातलं कुणी फसत नाही. काकडी चोचवायची, मीठ लावून ठेवायची, पिळायची, मग दाण्याचं कूट आणि वरून फोडणी, हे हातांना पाठ आहे. समोर ‘सॅलड’ हा शब्द आला की तेच हात सगळं विसरतात. पास्त्याचं नेमकं उलट. तो शिजून गार होताना, आणि गार झाल्यावरही, मिळेल ते तेल-लिंबू पीत राहतो. म्हणजे सकाळी ९ला तुम्ही चाखलेलं ड्रेसिंग दुपारपर्यंत पास्त्याच्या पोटात गेलेलं होतं. झुकिनीचं पाणी मागाहून सुटलं, आणि पास्त्यावर थोडीफार जी चव उरली होती तीही धुऊन खाली घेऊन गेलं.

तेव्हा दोघांचं आधी वेगवेगळं बघायचं, मग लग्न लावायचं.

झुकिनी वीतभर लांबीच्याच घ्या. १ पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम पास्त्याला साधारण ७०० ग्रॅम. एखादा पिवळा स्क्वॉश (झुकिनीचाच भाऊबंद) त्यात मिसळला तर रंग छान येतो, चवीत फार फरक नाही. सालं काढू नका, साल गेली की फोडी गळपटतात. उभ्या दोन फाका करून अर्ध्या बोटाच्या जाडीचे अर्धचंद्र चिरा, चाळणीत घाला, १ चमचा मीठ चोळून २० मिनिटं ठेवा. चाळणीखाली ताटली ठेवा म्हणजे किती पाणी निघतं ते डोळ्यांनी दिसेल. एकदा ते पाहिलं की मी पुढे काही सांगायची गरज उरत नाही. मग फोडी जुन्या सुती पंच्यावर पसरून कोरड्या टिपा. काकडीसारख्या पिळू नका, चोथा होतो.

आता बिडाचा तवा धूर निघेस्तोवर तापवा, चमचाभर तेल सोडा आणि फोडी एका थरात मांडा. मांडल्या की हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. ३ मिनिटं ढवळायचं नाही. आपल्याला भाजी परतायची सवय, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड जातं. कान द्या : आधी चरचर ओली आणि मोठी असते. पाणी संपत आलं की आवाज बारीक आणि कोरडा होतो, आणि फोडींच्या कडेला तपकिरी रेघ दिसायला लागते. तेव्हा उलटायच्या. दुसऱ्या बाजूला मिनिटभर पुरे. एवढ्या फोडींना तीन खेपा लागतात, घाईने सगळ्या एकदम टाकल्या तर त्या भाजत नाहीत, वाफवतात. काढल्यावर परातीत पसरून ठेवा. रास केलीत तर स्वतःच्याच वाफेने पुन्हा रडायला लागतात.

पास्ता फुसिलीसारखा पिळाचा घ्या, पिळात ड्रेसिंग अडकतं. ४ लिटर पाण्याला दीड मोठा चमचा मीठ. इटलीत पास्ता ‘अल देंते’ उतरवतात, दाताखाली किंचित लागेल असा. गरम खायचा असेल तर तेच बरोबर. पण गार झाल्यावर पास्त्यातलं पिठूळ पुन्हा घट्ट होतं, फ्रीजमधला शिळा भात टणक होतो तसंच. म्हणून सॅलडच्या पास्त्याला पाकिटावरच्या वेळेपेक्षा २ मिनिटं जास्त द्या. नळाखाली धुऊ नका. काही जण धुतात, मी नाही धुवत. कारण गरम आहे तोवरच त्याला अर्धं ड्रेसिंग पाजायचं असतं.

ड्रेसिंग साधंच : पाऊण वाटी ऑलिव्ह तेल, २ लिंबांचा रस, एका लिंबाची किसलेली साल, मिठाबरोबर चेचलेली लसणीची १ पाकळी, भरड मिरी. अर्धं गरम पास्त्याला. उरलेलं अर्धं बाटलीत. ही बाटली पिकनिकला बरोबर न्यायची, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या बाटलीत आहे. झुकिनी पास्त्यात घरी मिसळली तरी चालते, पण बाटलीतलं ड्रेसिंग आणि हिरवा पाला पंगत बसताना. दोन कणसांचे कच्चे दाणे सुरीने कापून घाला, ऑगस्टातलं आमच्याकडचं मक्याचं कणीस शिजवणं म्हणजे त्याचा अपमान आहे. टोमॅटो घालायचे तर छोटे, अख्खे. जर्सीच्या मोठ्या टोमॅटोचा मला अभिमान आहे, पण तो चिरून मीठ लावून ब्रेडवर खायचा. सॅलडमध्ये तोही पाणीच सोडणार.

प्रश्न : मेयोनेजमुळे सॅलड उन्हात लवकर बिघडतं, म्हणून मी ते घालत नाही. तेल-लिंबाचं सॅलड दिवसभर बाहेर राहिलं तर चालतं ना? – न्यू जर्सीतलीच आणखी एक वाचक

नाही चालत. आणि मेयोनेजवर उगाच आळ येतो. बाजारच्या बाटलीतलं मेयोनेज व्हिनेगरमुळे आंबट असतं, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. बिघडतो तो शिजवलेला पास्ता, बटाटा, भात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सरळ आहे : शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ९० अंश फॅरनहाइटच्या (३२ अंश सेल्सिअसच्या) वर असेल तर १ तासच. आमच्याकडे जुलैत ९० म्हणजे रोजचंच.

इथल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात बटाट्याचं सॅलड झाडाच्या सावलीत चार तास ठेवलं होतं. सावलीत आहे, मग काय होणार, असं सांगलीचं डोकं म्हणालं. रात्री घरातलं एकुलतं एक न्हाणीघर आम्ही दोघांनी पाळीपाळीने वापरलं. तेव्हापासून मोठी परात बर्फाने भरते आणि सॅलडचं पातेलं तिच्यात बसवते. दिसायला लग्नातल्या मठ्ठ्यासारखं दिसतं, पण गार राहतं. उरलेलं घरी परत आणायचा मोह आवरा.

मेयोनेज मीही घालत नाही. ते केवळ मला आवडत नाही म्हणून.

प्रश्न : काकू, मी बॉस्टनला शिकतोय. बेझिलची जुडी आणली, फ्रीजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी काळी. आईने दिलेली तुळस खिडकीत आहे, ती घातली तर चालेल का? – एक विद्यार्थी

आईने तुळस दिली आहे ती पाणी घालायला दिली आहे रे. गंमत सोड, पण सॅलडमध्ये ती नको. तुळस बेझिलच्याच कुळातली असली तरी जात वेगळी. तिचा लवंगेसारखा तिखट वास पास्त्याला लागला की सॅलड न लागता काढा लागतो. बेझिलचं खरं सख्खं नातं आपल्या सब्ज्याशी. फालुद्यात भिजवून घालतो ते सब्जाचं बी म्हणजे बेझिलचंच बी, फक्त वाण निराळा. त्यामुळे ‘बेझिल आपलं नव्हे’ असं कुणी म्हणालं तर त्याला फालुदा पाज.

काळी पडली कारण बेझिलला थंडी सोसत नाही. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पानं डाग धरतात, आणि फ्रीज त्याहून बराच गार. देठांची टोकं कापून जुडी पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेव, फुलं ठेवावीत तशी. रोज पाणी बदललंस तर आठवडाभर टिकेल, कधीकधी मुळंही फुटतात. ती कुंडीत लाव आणि वरचा शेंडा नेहमी पानांच्या जोडीच्या लगेच वर खुड, म्हणजे तिथून दोन फांद्या फुटतात. तुरे आले की काढून टाक. पुदिना आणि कोथिंबीर मात्र पेल्यासकट, वर पिशवी घालून, फ्रीजमध्येच.

सॅलडमध्ये मी तीन पाले घालते : एक मोठी मूठ बेझिल हाताने फाडून, त्याच्या निम्मा पुदिना, आणि शेपू. हो, शेपूच. इथे ‘डिल’ म्हणून छोट्या डबीत महाग विकतात तो आपला शेपू. लहानपणी शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी माझी दोन्ही मुलं लिंबू पिळलेल्या झुकिनीवर डिल मागून घेतात. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पाला अगदी शेवटी घाल. लिंबाच्या आंबटपणाने हिरवा रंग अर्ध्या तासात लष्करी गणवेशासारखा होतो. आणि सुरी बोथट असेल तर चिरूच नकोस, बेझिल चिरडलं की तिथेच काळं पडतं.

ओरेगॅनो नसेल आणि तुमच्या मंडळातल्या कुणाकडे कुंडीत पानओवा असेल, ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात तो, तर एकच पान अगदी बारीक करून ड्रेसिंगमध्ये टाकून बघ. एकच. दुसरं टाकलंस तर बाकी काही लागणार नाही.

प्रश्न : नाशिकहून सासूबाई येत आहेत. चातुर्मासात त्या कांदा-लसूण खात नाहीत. लसूण वगळून तुमचं सॅलड करता येईल का? चीज तर शाकाहारीच, त्यामुळे तो प्रश्न नाही. – फिलाडेल्फियाहून एक वाचक

लसूण वगळा, काही बिघडत नाही. त्या जागी लिंबाची साल दुप्पट करा, आणि चमचाभर गरम तेलात चिमूटभर हिंग फुलवून ते ड्रेसिंगमध्ये ओता. झुकिनी चातुर्मासात चालते की नाही, याबद्दल कुठल्या पोथीत काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. स्क्वॉश मुळात अमेरिकेतला, आणि झुकिनी म्हणून आपण ओळखतो तो वाण इटलीत तयार झालेला. पोथी लिहिणाऱ्यांच्या पानात तो पडला असण्याची शक्यता कमी.

प्रश्न आहे तो चीजचा. दूध विरजून चीज होताना ते घट्ट धरावं म्हणून त्यात रेनेट घालतात, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढलेलं असतं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच वासराच्या रेनेटचं. इथे आल्यावर कितीतरी वर्षं मी ते आनंदाने किसून घालत होते. एका दुकानात वेष्टन वाचत उभी असताना हा उलगडा झाला आणि त्या दिवशी घरी कुणाला काही बोलले नाही. फेटा चीजमध्येही तीच भानगड असू शकते. पण सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेली चीजंही पुष्कळ मिळतात, वेष्टनावर ‘व्हेजिटेरियन’ किंवा ‘मायक्रोबियल’ शब्द शोधा. सासूबाईंसाठी मी घरचं पनीर करेन : लिंबाने फाडलेलं, घट्ट दाबलेलं, मग कुस्करून मीठ, लिंबाची साल आणि थोडं तेल लावून तासभर मुरवलेलं. कुणी विचारलं नाही तर फेटा म्हणून सहज खपतं.

प्रश्न : पुण्यात झुकिनी मिळते पण महाग. दुधी किंवा दोडका घालून हे सॅलड होईल का? आणि झुकिनी कधीकधी कडू का निघते? – कोथरूडमधून एक वाचक

दोडका नको, तो शिजला की विरघळतो. दुधी चालेल, पण मनगटाएवढा, नख रुतेल असा कोवळा, आणि आतला मऊ गर-बिया काढून. त्याला तव्यावर झुकिनीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. खरं सांगू? पुण्यात असते तर मी काकडी घातली असती. मीठ लावून, घट्ट पिळून, कच्चीच. झुकिनीची नक्कल करण्यापेक्षा चांगली काकडी केव्हाही बरी. चैत्र-वैशाखात कैरीच्या चार फोडी बारीक चिरून घाला आणि लिंबू कमी करा, तिथल्या उन्हाळ्याला ते जास्त शोभेल.

कडूपणाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. या सगळ्या कुळात – दुधी, काकडी, झुकिनी – कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. लागवडीच्या वाणांत ते जवळजवळ नसल्यासारखं, पण एखाद्या फळात उसळी मारतं. ते शिजवून जात नाही. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, आणि कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे माणसं दगावलेली आहेत. एक वर्षी मी घरच्या झुकिनीचं बी धरलं. शेजारच्या कुंपणाला शोभेचे रंगीत भोपळे होते, हे काही ध्यानात आलं नाही. शोभेचे बरेच भोपळे आणि झुकिनी एकाच जातीचे, मधमाशा काही कुंपण बघत नाहीत. त्या वर्षीच्या फळाला काही झालं नाही, पण पुढच्या वर्षी त्या बियांचं झाड आलं, फळं देखणी लागली, आणि चिरलेली पहिली फोड जिभेला लावली तर कडू जहर. अख्खं झाड उपटलं. तेव्हापासून बी विकतचंच, आणि चिरताना प्रत्येक झुकिनीच्या देठाकडचा एक छोटा तुकडा मी कच्चा चाखते. दुधीलाही तेच करा. कडू लागलं तर थुंका आणि ते फळ टाकून द्या, ‘मसाल्यात लपेल’ म्हणू नका.

प्रश्न : चार दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर झाडावर बॅटएवढ्या तीन झुकिन्या! सॅलडमध्ये घालू का? – कनेटिकटहून एक वाचक

नको. एवढ्या वाढलेल्या झुकिनीची साल जाड आणि आत कापूस. मधला बियांचा भाग चमच्याने खरवडून काढा, उरलेली किसा. त्या किसाचं थालीपीठ उत्तम होतं : भाजणीत किस, तीळ, हिरवी मिरची, आणि पाणी अजिबात घालायचं नाही, किसच ते पुरवतो. इथे एकदा तरी झुकिनीचं पाणी उपयोगी पडतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे फळ वाढायच्या आधीच खुडणं. सकाळी सातला झाडाकडे जा. बारीक लांब देठावर उमललेली फुलं नराची, त्यांना फळ धरणार नाही. ज्यांच्या मागे बोटाएवढी झुकिनी दिसते ती मादीची. नराची दोन-तीन फुलं परागासाठी ठेवा, बाकीची खुडा, आतली मधमाशी झटकून बाहेर काढा, आणि भोपळ्याच्या फुलांची करतो तशी भजी करा. रोममध्ये त्यांत चीज आणि खारवलेली मासळी भरून तळतात. मला आपलं डाळीचं पीठ, ओवा आणि तिखटच बरं वाटतं.

आणि थालीपिठांनाही कंटाळलात तर ८ ऑगस्टपर्यंत थांबा. त्या रात्री शेजाऱ्याच्या दाराशी गुपचूप झुकिनी ठेवून पळायचं, असा एक दिवसच अमेरिकन लोकांनी गंमत म्हणून ठरवून टाकला आहे. आमच्या दाराशी मागच्या वर्षी दोन आल्या होत्या. त्यातली एक मीच आदल्या आठवड्यात कुणाला तरी दिली होती, देठावरच्या माझ्या सुरीच्या खुणेवरून ओळखली.

प्रश्न : ‘गार शेवया कोण खातं?’ असं आमचे हे म्हणतात. काय करू? – नाव नको

तव्यावरून उतरलेली झुकिनी गरम आहे तोवर, मीठ-लिंबू घालून पोळीबरोबर त्यांना वाढा. सॅलड तुम्हाला जास्त राहील.

(पुढच्या अंकाचे प्रश्न १५ ऑगस्टपर्यंत पाठवा. विषय : मोदकाची उकड. चकल्यांचे आत्ताच नकोत.)